कायदा पाळला की कंपनीची जबाबदारी संपते काय?

ऐरोलीकर:
मागील धाग्यात ‘हिशेबनीस’ यांनी असे मांडले की, कंपनीने ज्या देशात धंदा करायचा तेथील कायदा पाळावा, कर भरावा आणि नफा कमवावा. त्यापलीकडची नैतिक जबाबदारी ही युरोपातील ग्राहकांच्या मनःशांतीसाठी आपल्या उद्योगांच्या गळ्यात बांधलेली धोंड आहे. याला दोन ओळींत उत्तर देणे मला पटले नाही, म्हणून वेगळे लिहीत आहे.

भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये अमेरिकन मूळ कंपनीचा हिस्सा ५०.९ टक्के होता. डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळती झाली, पीडितांचे दावे अमेरिकेतील न्यायालयात गेले आणि हे प्रकरण भारतातच चालावे असे सांगून त्या न्यायालयाने १९८६ मध्ये ते परत पाठवले. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली, आणि कारखान्याच्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलवायला जानेवारी २०२५ उजाडावा लागला. नफा देशाबाहेर जाताना कोणाची हरकत नसते, दायित्व मात्र सीमेपाशी अडते, हा माझा आक्षेप आहे.

आपल्या दाराशी काय घडले तेही आठवावे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगामुळे निळी पडलेली कुत्री फिरताना दिसली, त्यांची छायाचित्रे सर्वत्र पसरली आणि तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद केला. तेथल्या कासाडी नदीच्या प्रदूषणाबद्दल मच्छीमारांच्या तक्रारी त्याआधीपासून होत्या. कायदा तेव्हाही होता.

हिशेबनीस:
तुमची दोन्ही उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत, कारण दोन्हीकडे कायद्याची अंमलबजावणी झाली नाही. यावर उपाय म्हणजे तपासनीस वाढवणे आणि खटले वेळेत निकाली काढणे. नीतिमत्तेचे माप कोण ठरवणार? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्यातून शाळेत संगणक येतात, फलकावर कंपनीचे नाव येते आणि त्याच कंपनीचे सांडपाणी कुठे जाते हे कोणी विचारत नाही. मोजता न येणारी जबाबदारी कायद्यात घातली की तिचे असेच होते.

वागळे इस्टेट:
तुम्ही दोघेही मूळ कंपन्यांबद्दल बोलत आहात, म्हणून मधल्या माणसाची बाजू मांडतो. माझा पितळी सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. माझा माल एका मोठ्या भारतीय कंपनीमार्फत जर्मनीला जातो. तेथे १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू झाला, म्हणजे कंपनीने आपल्या पुरवठादारांकडेही मानवाधिकार पाळले जातात का हे पाहायचे. आधी किमान तीन हजार कर्मचारी असलेल्या आणि पुढच्या वर्षापासून किमान एक हजार कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठी. माझ्याकडे तीस माणसेही नाहीत, तरी प्रश्नावल्या माझ्याकडेच येतात. प्रत्येक ग्राहकाचे ऑडिट वेगळे, त्याची फी मी भरायची, आगीतून सुटण्यासाठी नवीन जिना मी बांधायचा, धूर ओढणारी यंत्रणा मी बसवायची. दर मागितला की ‘या वर्षी शक्य नाही’ असे उत्तर येते. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत देण्याचा कायदा २००६ पासून आहे, तरी माझे बिल चौथ्या महिन्यात सुटते, आणि तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते. जी कंपनी मला मानवाधिकारांची शपथ घ्यायला लावते, तीच मला कामगारांचा पगार उसनवारी करून द्यायला लावते. या जबाबदारीचा खर्च कोणी उचलायचा, याचे उत्तर आधी द्या.

कामगाराची मुलगी, तळोजे:
खर्चाचे दुःख वाचले. आता ऑडिटच्या दिवशी दाराच्या आत काय होते तेही वाचा. माझे वडील एका कारखान्यात ठेकेदाराकडे होते. परदेशी पाहुणे येणार असले की निम्म्या ठेका कामगारांना घरी थांबायला सांगत, उरलेल्यांना नवे हातमोजे आणि चष्मे देत आणि संध्याकाळी ते मोजून परत घेत. वडिलांच्या हाताची कातडी सोलली होती, म्हणून त्या दिवशी त्यांना बोलावतच नसत. कागदावर तो कारखाना उत्तम होता.

कराचीतील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये कामाच्या परिस्थितीबद्दलचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि ११ सप्टेंबरला तेथे लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक माणसे गेली. मुख्य ग्राहक जर्मन कंपनी होती. डॉर्टमुंडच्या न्यायालयाने २०१९ मध्ये मुदत उलटल्याच्या कारणावरून पीडितांचा तिच्याविरुद्धचा दावा फेटाळला. तेव्हा जिन्याचा खर्च कोणी करायचा हा वाद तुमच्यासाठी हिशेबाचा असेल, आमच्यासाठी तो जिना असणे किंवा नसणे एवढाच आहे.

वागळे इस्टेट:
ताई, वडिलांबद्दल वाईट वाटले. पण तुम्ही मला त्या ठेकेदाराच्या शेजारी उभे करत आहात, हे मला मुळीच मान्य नाही. माझ्याकडे सगळे कायम आहेत, सगळ्यांचा पीएफ भरला जातो. दर न वाढवणाऱ्याला सोडून जिना बांधणाऱ्याला बोल लावणे अन्यायाचे आहे.

कामगाराची मुलगी, तळोजे:
मग ठेकेदारी हा शब्द तुमच्या पहिल्या उत्तरात एकदाही का आला नाही? ऑर्डरच्या गर्दीत सहा महिन्यांसाठी माणसे कोण पुरवतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

ठाणे न्यायालयातील एक वकील:
दोघांचे भांडण ज्या प्रश्नावर आहे, त्याचे एक उत्तर आपल्याच कायद्याने फार पूर्वी दिले होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते प्रिन्सिपल एम्प्लॉयरने, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्या मूळ मालकाने, द्यावे आणि ठेकेदाराकडून वसूल करावे, अशी तरतूद कलम २१ मध्ये होती. ज्याच्या हाती कामाची सूत्रे आहेत त्याला मधल्या माणसाच्या आड लपता येऊ नये, हे तत्त्व युरोपातून आलेले नाही. तेच सीमेपलीकडे न्यायचे आहे. २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने झांबियातील गावकऱ्यांना तांब्याच्या खाणीच्या प्रदूषणाबद्दल मूळ कंपनीविरुद्ध लंडनमध्ये दावा चालवू दिला. ती मूळ कंपनी वेदांत होती. निकाल अधिकारक्षेत्रापुरता होता, दोष सिद्ध झाला नव्हता. पण आपण नेहमी पीडितांच्याच बाजूला असतो, हा समज त्यावरून सोडायला हवा.

खर्चाबद्दल सांगायचे तर, एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळ कपड्यांच्या कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेल्यावर ब्रँड आणि कामगार संघटनांनी जो बंधनकारक करार केला, त्यात कारखान्यांना दुरुस्ती परवडेल अशा व्यापारी अटी ठेवण्याची जबाबदारी ब्रँडवर टाकली होती. वागळे इस्टेटच्या प्रश्नाला लेखी उत्तर देता येते, असा त्याचा अर्थ.

हिशेबनीस:
करार बंधनकारक होता, न्यायालयाने दावा दाखल करून घेतला, ठेकेदारीचे कलम कायद्यात होते. म्हणजे शेवटी कायदाच लागतो, हे माझे म्हणणे कायम आहे. ‘तेथील कायदा’ एवढ्यावर ते भागत नाही, इतके मी वकीलसाहेबांसाठी सोडतो, ऐरोलीकरांसाठी नाही.

ऐरोलीकर:
कोणासाठीही सोडा. युरोपीय संघाने २०२४ मध्ये जर्मनीसारखाच पुरवठा साखळीचा निर्देश मंजूर केला आणि पुढच्याच वर्षी त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकली. उद्योगांच्या दबावाखाली कायदा मागे सरतो तेव्हा त्या उद्योगांनी काय करावे, याचे उत्तर तुमच्या मतात मला अजून सापडलेले नाही.

वागळे इस्टेट:
वकीलसाहेबांनी सांगितलेली व्यापारी अटींची तरतूद माझ्या करारात आली तर मी ऑडिटची तक्रार करणार नाही.

कामगाराची मुलगी, तळोजे:
त्याच करारात आणखी एक ओळ हवी. वाढीव दरातला ठराविक वाटा कामगारांच्या खात्यात जाईल, ठेक्यावरच्याही. आणि ऑडिट न कळवता होईल.

वागळे इस्टेट:
न कळवता यायला माझी हरकत नाही. वाट्याचे लिहून देईन, पण ग्राहकाने दराचे लिहून दिल्यावरच. आणि ठेक्याची सहा माणसे माझ्याकडेही आहेत, त्यांना धरून.