अनुदेशन, अध्यापन की पाठटाचण? इंग्रजीच्या पाठनियोजनातील काही शब्द

प्रश्न : इंग्रजीचे पाठ ‘ॲडी’ (ADDIE) या पाच टप्प्यांच्या आखणीच्या प्रतिमानानुसार कसे आखावेत, याविषयी मी मराठीत टिपण लिहीत आहे. ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’साठी, म्हणजे शिकण्या-शिकवण्याच्या पद्धतशीर आखणीसाठी, ‘अध्यापन आराखडा’ म्हणावे की ‘अनुदेशन’ हा शब्द घ्यावा? ‘पाठटाचण’ हा रुळलेला शब्द असताना नव्याची गरज आहे का?

उत्तर : मी ‘अनुदेशन’ घेईन. ‘अध्यापन’ म्हटले की शिकवणारी व्यक्ती गृहीत धरली जाते. अनुदेशनात ती समोर असेलच असे नाही. ‘अभिक्रमित अनुदेशन’ ही संज्ञा शिक्षणशास्त्रात जुनीच आहे, आणि तीत विद्यार्थी एकेक चौकट वाचून, उत्तर देऊन आणि ते लगेच ताडून पाहून स्वतःच पुढे सरकतो.

पाठटाचण ही या सगळ्या आखणीची शेवटची, एका तासिकेपुरती नोंद आहे. समजा, विद्यार्थी स्वाध्यायात भूतकाळाची रूपे अचूक लिहितात, पण बोलताना ‘डिड यू वेंट’ असे विचारतात. टाचणात ‘साध्या भूतकाळाचे आकलन होणे’ एवढेच उद्दिष्ट लिहिले, तर शिक्षक पुन्हा रूपांचा तक्ता पाठ करून घेईल. आधी विश्लेषण केले, तर दिसेल की रूपे त्यांना येतात. ‘डिड’ आल्यावर क्रियापद मूळ रूपात ठेवायचे, हे बोलण्याच्या ओघात साधत नाही. मग उद्दिष्टच बदलते : ‘विद्यार्थी सोबत्याला कालच्या दिवसाविषयी पाच प्रश्न तोंडी विचारतो.’ या उद्दिष्टाला तक्ता पुरत नाही, जोडीने बोलण्याची कृतीच लागते. हा विचार टाचणाच्या आधी होतो, म्हणून त्याला वेगळे नाव हवे.

आता ‘डिझाइन’. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणासाठी जी पद्धती तयार झाली, तिच्यातून पुढे आलेल्या ‘ॲडी’ प्रतिमानात हा शब्द संपूर्ण प्रक्रियेचेही नाव आहे आणि पाचांपैकी दुसऱ्या टप्प्याचेही. मराठीत दोन्हीकडे ‘आराखडा’ लिहिल्यास वाचकाचा गोंधळ उडतो. त्यामुळे समग्र प्रक्रियेला ‘अनुदेशन रचना’ म्हणावे आणि टप्प्यांना विश्लेषण, आराखडा, विकसन, कार्यवाही व मूल्यमापन अशी नावे द्यावीत. ‘डिझाइन’साठी ‘अभिकल्प’ हा शब्दही चूक नाही, परंतु तो संशोधनाच्या परिभाषेत इतका स्थिरावला आहे की इथे परका वाटतो.

‘मॉडेल’साठी ‘प्रतिमान’च ठेवावे. ‘नमुना’ म्हटल्यास ‘नमुना पाठ’ आठवतो, आणि तो पाहून तसाच घ्यायचा असतो.

प्रतिप्रश्न : ‘मूल्यमापन’ वाचल्यावर बहुतेक शिक्षकांना चाचणी आणि गुण आठवतात. ‘ॲडी’मध्ये तोच अर्थ आहे का?

उत्तर : नाही, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आज आपण विद्यार्थ्यांच्या प्रगतीसाठी सर्रास वापरतो ते ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ हे शब्द ‘फॉर्मेटिव्ह’ आणि ‘समेटिव्ह’ या ज्या इंग्रजी संज्ञांवरून आले, त्या मूल्यमापनतज्ज्ञ मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये अभ्यासक्रमांच्या परीक्षणाविषयी लिहिताना मांडल्या होत्या. तयार होत असलेला अभ्यासक्रम सुधारण्यासाठी तपासणे हे आकारिक, आणि पूर्ण झालेल्या अभ्यासक्रमाचा निवाडा करणे हे संकलित. विद्यार्थ्यांच्या संदर्भात त्यांचा वापर नंतर वाढला. ‘ॲडी’तील मूल्यमापन या मूळ अर्थाला जवळचे आहे. जोडीच्या कृतीत किती जणांनी ‘डिड’नंतर मूळ रूप वापरले, हे विद्यार्थ्यांचे मूल्यमापन झाले, पण कृतीची सूचना एकदा ऐकून समजली का, दहा मिनिटे पुरली का, पाच प्रश्नांची अपेक्षा जास्त तर नव्हती ना, हे तपासणे म्हणजे रचनेचे मूल्यमापन. पहिल्याचे निष्कर्ष दुसऱ्यासाठी लागतातच, तरीही टिपणात या टप्प्याला नुसते ‘मूल्यमापन’ न म्हणता ‘रचनेचे मूल्यमापन’ असे पूर्ण लिहावे.