वैयक्तिक ब्लॉग शोधायचे कसे: हाताने केलेली यादी की शोधयंत्र?

मांडवीकाठ, पणजी

एखाद्या विषयाचा ध्यास घेतलेल्या माणसाने, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतःच्या हौसेने, वर्षानुवर्षे लिहिलेला ब्लॉग आज नव्या वाचकापर्यंत सहसा पोहोचत नाही. असे लिहिणारे संपले म्हणून हे झाले असे मला वाटत नाही. त्यांच्याकडे नेणाऱ्या वाटा एकेक करून बुजल्या, हे त्याचे खरे कारण आहे. म्हणून वाचकांनीच निवडलेली, प्रत्येक नोंदीपुढे 'हा का वाचावा' हे दोन-चार ओळींत सांगणारी यादी तयार करावी आणि गोव्याशी नाते असलेल्या मराठी ब्लॉगांपासून तिची सुरुवात करावी, असा प्रस्ताव मी चर्चेसाठी मांडत आहे.

ब्लॉगर १९९९ साली आणि वर्डप्रेस २००३ साली सुरू झाल्यावर, ज्यांना संकेतस्थळ उभारण्याचे तंत्र अवगत नव्हते त्यांनाही स्वतःचे पान मिळाले. त्या काळातल्या कितीतरी ब्लॉगांच्या कडेला लेखकाला आवडणाऱ्या इतर ब्लॉगांची छोटी यादी असे. त्या यादीचा हात धरून एकाकडून दुसऱ्याकडे जाताना वाचकाला असे विषय भेटत, जे शोधावेत हे त्याच्या स्वप्नातही आले नसते. पुढे लिहिणारे फेसबुक आणि व्हॉट्सॲपकडे वळले, अनेक ब्लॉगांचे नवे लेख एकाच जागी वाचायचे साधन असलेले गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले, टेक्नोराटीने ब्लॉगांची सूची ठेवण्याचे काम २०१४ मध्ये सोडून दिले, आणि कडेच्या त्या याद्याही हळूहळू दिसेनाशा झाल्या.

अशा लेखनाचे मोल काय, हे एका उदाहरणाने सांगतो. पोर्तुगीज भारतात १९५८ साली रुपियाच्या जागी एस्कुदो हे चलन आले आणि एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर ठरला, एवढी माहिती कोणत्याही संदर्भग्रंथात मिळते. मात्र तेच नाणे हातात घेऊन, दोन्ही बाजूंची छायाचित्रे देऊन, कडेची झीज कुठे साहजिक आणि कुठे संशयास्पद आहे, अस्सल नाण्यावरची अक्षरे कशी उठून दिसतात आणि साच्यातून काढलेल्या नकलेवर ती कशी बोथट होतात, हे सावकाश समजावून सांगणारा माणूस हौशी संग्राहकच असतो. वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याला इतकी जागा मिळणार नाही, आणि पुस्तक छापावे इतके ग्राहकही नसतात. त्याचे हक्काचे ठिकाण म्हणजे ब्लॉग.

असे दालन आजही उभे राहू शकते, याचा दाखला इंग्रजीत आहे. फिल गायफर्ड यांनी २०२२ साली सुरू केलेल्या 'ऊह डिरेक्टरी'मध्ये ब्लॉग विषयवार लावलेले असतात आणि प्रत्येकावर शेवटचे लेखन कधी झाले तेही दिसते. मराठीत, निदान गोव्यापुरते, हे आपण का करू नये?

सासष्टीकर, मडगाव

तुमची कळकळ मला पटते, उपाय मात्र पटत नाही. हाताने केलेल्या निर्देशिकांचे पुढे काय होते, हे जगाने पाहिलेले आहे. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली. १९९८ साली सुरू झालेला आणि हजारो स्वयंसेवक संपादकांनी चालवलेला डीमॉझ मार्च २०१७ मध्ये मिटला. जे त्यांना झेपले नाही, ते नोकरी-धंदा सांभाळून हे काम करणाऱ्या चार-सहा गोमंतकीयांना झेपेल असे मानायला आधार काय? नोंद एकदाच करावी लागते, पण ती तपासण्याचे काम कधीच संपत नाही. सहा महिन्यांनी त्यातले दुवे तुटू लागतील, वर्षाने यादी करणाऱ्याचा उत्साह ओसरेल, आणि यादी जुनी झाली आहे हे वाचकाला सांगायलाही कोणी उरणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गोवा लहान आहे. यादी करणारा आणि यादीत येणारा यांची कुठल्या तरी संमेलनात किंवा लग्नात गाठ पडलेली असतेच. ओळखीचा ब्लॉग सहज आत येईल, काणकोणच्या कोपऱ्यात बसून मुकाट्याने लिहिणारा बाहेर राहील, आणि ज्याचा ब्लॉग सुमार आहे त्याला तसे तोंडावर सांगण्याचे धैर्य कोणाला होणार नाही. शोधयंत्राला निदान भीड नसते.

राहिला प्रश्न सापडण्याचा. विचारणाऱ्याने प्रश्न नेमका विचारला तर ब्लॉग सापडतो. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत, भरतीचे पाणी अडवणाऱ्या आणि ओहोटीला सोडणाऱ्या फाटकाला आपण 'मानस' म्हणतो. नुसता हा शब्द टाकला तर समोर रामचरितमानस येणार, हे उघड आहे. त्याच्या जोडीला 'खाजन', 'बांध' आणि खारे पाणी सोसणारे भात म्हणून 'कोरगुट' हे शब्द दिले, हवे ते शब्द अवतरणचिन्हांत ठेवले आणि 'साइट' ही आज्ञा लावून शोध ब्लॉगस्पॉटपुरता (ब्लॉगरवरच्या पानांपुरता) किंवा वर्डप्रेसपुरता मर्यादित केला, तर बाजारू पाने आपोआप गळून पडतात. वाचकांना हे कौशल्य शिकवावे. ते यादीपेक्षा अधिक काळ टिकेल.

अंत्रुजकर, फोंडा

सासष्टीकरबाब, तुमची शोधपद्धत उत्तम आहे. पण ती कोणाच्या उपयोगाची, याचा विचार व्हावा. 'कोरगुट' हा शब्द तुम्हाला ठाऊक आहे, कारण खाजन तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. गोव्यात वाढूनही खाजनावर कधी पाऊल न ठेवलेल्या मुलीने काय टाइप करावे? शोधयंत्र विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते. तिच्या मनात तर अजून प्रश्नच उमटलेला नाही. अशा वाचकाला कोणीतरी पुढे होऊन 'हे वाच' असे म्हणावे लागते.

मराठीची स्वतःची अडचणही लक्षात घ्या. खाजन, खाजान, खाझन असे एकाच वस्तूचे तीन-तीन प्रकारचे लेखन आपल्याकडे चालते. कोणी मराठी वाक्यात कोकणी शब्द तसाच ठेवतो, तर कोणी तोच शब्द रोमी (रोमन) लिपीत लिहितो. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच अक्षरसंकेत पद्धत, रूढ होण्यापूर्वीची कितीतरी मराठी पाने 'शिवाजी'सारख्या टंकांत (फॉन्टमध्ये) लिहिलेली आहेत. ती वाचकाला देवनागरी दिसली तरी शोधयंत्राला त्यात असंबद्ध रोमन अक्षरेच दिसतात, आणि कितीही नेमका प्रश्न विचारला तरी ते लेखन हाती लागत नाही. तिथे माणसाने सांगितलेला पत्ता हाच एकमेव मार्ग उरतो.

यादीला मी एक जोड सुचवते. आवडलेला ब्लॉग सापडला की त्याची फीड, म्हणजे नव्या लेखांची आपोआप अद्ययावत होणारी यादी, फीडवाचकात, म्हणजे अशा याद्या एकत्र वाचण्याच्या साधनात, घालून ठेवावी. ब्लॉगरवरील पत्त्यापुढे 'फीड्स/पोस्ट्स/डिफॉल्ट' आणि वर्डप्रेसवरील पत्त्यापुढे नुसते 'फीड' रोमन लिपीत जोडले की बहुतेक वेळा ती मिळते. फीडली, इनोरीडर यांसारखी साधने त्यासाठी आजही चालू आहेत. वर्षातून दोनदाच लिहिणाऱ्या लेखकाचा नवा लेखही मग नजरेतून सुटत नाही, आणि ज्यांना खरोखर काही सांगायचे असते ते बहुधा असेच क्वचित लिहितात. यादी करणाऱ्यांनी या फीडी एकत्र करून ओपीएमएल नावाच्या प्रकारची एकच फाइल दिली, तर वाचकाला ती थेट आपल्या फीडवाचकात उतरवून घेता येईल.

रानवाट, वाळपई

मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे, आणि माझे कारण वरच्या कोणाच्याही बोलण्यात आलेले नाही. आपण सगळे वाचकाच्या बाजूने बोलत आहोत. लेखकाला काय हवे आहे हे कोणी विचारलेले नाही.

सत्तरीतील पावसाळी रानावर, विशेषतः बेडूक, साप आणि अळमी (अळंबी) यांवर मी लिहिते. माझे वाचक थोडे आहेत आणि त्यांतले बरेचसे मला माहीत आहेत, म्हणूनच मी मोकळेपणाने लिहू शकते. वाळवीच्या वारुळावर उगवणाऱ्या अळमीचेच पाहा. वाळवीशी असलेल्या नात्यामुळे तिची लागवड करता येत नाही. ती रानातच मिळते आणि बाजारात तिला चांगला भाव येतो. कोणत्या उतारावर, कितव्या पावसानंतर ती वर येते हे मी लिहिले आणि तो लेख यादीतून शेकडो लोकांपर्यंत गेला, तर पुढच्या हंगामात त्या वारुळापाशी काय उरेल? चोर्ला घाटातल्या सापांची छायाचित्रे टिपण्यासाठी लोक रात्री-अपरात्री फिरतात आणि चांगल्या चित्रासाठी सापाला काठीने हलवून बसवतात. ठिकाणाचा उल्लेख असलेला लेख त्यांच्या हाती देणे मला मान्य नाही.

तुम्ही म्हणाल की ठिकाण लिहू नका. पण ठिकाण, उंची, पावसाचा दिवस आणि वेळ काढून टाकली तर निसर्गनोंदीत राहते काय? यादीत नाव आले की लेखक अनोळखी वाचकांना गृहीत धरून लिहू लागतो, हात आखडता घेतो, आणि जे वाचण्यासाठी तुम्ही त्याला यादीत घेतले तेच तो लिहायचे थांबवतो. त्यामुळे लेखकाच्या स्पष्ट संमतीवाचून एकही नोंद होऊ नये, असे माझे ठाम म्हणणे आहे.

मांडवीकाठ, पणजी

रानवाटताई, संमतीची अट मी पूर्णपणे स्वीकारतो. जे उघडपणे प्रसिद्ध केलेले आहे त्याचा निर्देश करायला परवानगी लागत नाही, हा युक्तिवाद नियमाला धरून असला तरी तुमच्या अळमीच्या उदाहरणापुढे तो टिकत नाही. त्याचबरोबर, लेखकाने होकार दिला तरी सजीवांचे नेमके ठिकाण सांगणाऱ्या लेखाचा थेट दुवा न देता फक्त ब्लॉगच्या मुखपृष्ठाचा द्यावा, असे मी यात जोडतो.

सासष्टीकरांच्या आक्षेपावर मात्र मी माघार घेणार नाही. याहू आणि डीमॉझ यांनी सगळे जग सूचीत बसवायचा घाट घातला होता, आणि ते ओझे त्यांना पेलले नाही. मला एक मोठी यादी नकोच आहे. ज्याला नाणी कळतात त्याने नाण्यांवरच्या ब्लॉगांची करावी, जो नाट्यसंगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका जमवतो त्याने त्या विषयाची करावी, आणि प्रत्येकाने ती स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पानावर ठेवावी. भिडेचा प्रश्नही मग सौम्य होतो, कारण निवड कोणाची हे उघड असते आणि ती न पटणाऱ्याला आपली वेगळी यादी मांडायची मोकळीक असते. एखादी यादी बंद पडली तरी बाकीच्या चालू राहतात.

बार्देशकर, म्हापसा

शोधण्याची एवढी चर्चा चालली आहे, पण जे शोधायचे तेच उरले नाही तर काय? प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. स्वतःचे डोमेन घेतलेल्या लेखकाचे निधन झाले आणि घरच्यांनी वार्षिक शुल्क भरले नाही, तर त्याचे सगळे लेखन एका दिवसात नाहीसे होऊ शकते. छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याची तरतूद १९५४ च्या कायद्यात आहे. वैयक्तिक ब्लॉगला तसे संरक्षण नाही.

म्हणून यादीत नोंद करताना त्याच क्षणी, लेखकाची संमती असल्यास, इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते पान साठवून तो दुवाही शेजारी द्यावा. पान साठवण्याची सोय तिथे कोणालाही विनामूल्य मिळते. पणजीतील पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाने, ज्याची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते, गोव्याविषयीच्या ब्लॉगांचे जतन आपल्या कामात घ्यावे, असे निवेदन आपण वाचक म्हणून देऊ शकतो. यादीच्या बाजूने मी आहे तो एवढ्यासाठीच, कारण काय जपायचे हे ग्रंथपालाला कोणीतरी सांगावे लागेल.

सासष्टीकर, मडगाव

लहान आणि स्वतःच्या नावाने केलेल्या याद्या असतील तर माझा पहिला आक्षेप बराचसा मिटतो. दुसरा मिटत नाही. नावाने केलेली यादी म्हणजे ओळखीची यादी नव्हे असे होत नाही, आणि काणकोणचा तो मुकाट लेखक अशा दहा याद्यांतूनही सुटू शकतो, कारण त्या दहाही करणारे एकाच वर्तुळात वावरणारे असतील. त्याला शोधायचे तर शोधयंत्राकडेच जावे लागेल.

तेव्हा यादी करणाऱ्यांनी सापडलेले ब्लॉग तर द्यावेतच, पण ते कोणत्या शब्दांनी सापडले तेही लिहावे. अंत्रुजकरताईंनी खाजनाचे जे तीन प्रकारचे लेखन दाखवले, तशी प्रत्येक विषयाची शब्दसूची, मराठी, कोकणी आणि रोमी रूपांसह, यादीच्या तळाशी असावी. खाजन आणि मिठागरे या दोन विषयांची शब्दसूची मी करून देईन. निवडीच्या यादीवर मात्र माझे नाव घालू नये.