'रोमन हॉलिडे' : तुमची आठवण सांगा

काल रात्री आईबरोबर 'रोमन हॉलिडे' पाहिला. आई ७८ वर्षांची, हा सिनेमा तिने दहा वेळा तरी पाहिला असेल. शेवटी ते मोठं दालन रिकामं होतं, ग्रेगरी पेक खिशात हात घालून एकटाच चालत बाहेर येऊ लागतो. तेव्हा आई नेहमीप्रमाणे पुटपुटली, "थांब ना रे जरा. येईल ती." दर वेळी तिला खरंच वाटतं, की ऑड्री हेपबर्न आतून धावत येईल.

१९५३ चा सिनेमा, विल्यम वायलरचा. कंटाळलेली राजकन्या (हेपबर्न) रोममध्ये आपल्या देशाच्या दूतावासातून पळते, एका वार्ताहराच्या (पेक) खोलीवर झोपते आणि एक दिवस स्वतःच्या मर्जीने जगते. गोष्ट एवढीच. परीक्षण नको, गुणदोष नकोत. तुम्ही तो कुठे, कुणाबरोबर पाहिलात आणि त्यातलं काय तुमच्यापाशी राहिलं, तेवढं या धाग्यावर लिहा.

*

माझ्यापाशी राहिलं ते केस कापणं. मी मिरजेची, १९८६ साली पुण्यात शिकायला होते. वेणी कमरेखाली. रविवारी आजी शिकेकाईने न्हाऊ घालायची, केस वाळायला दुपार जायची. कॉलेजच्या फिल्म क्लबात हा सिनेमा दाखवला. ट्रेव्ही कारंज्याजवळच्या दुकानात ती शिरते, न्हावी कात्री धरून पुन्हा पुन्हा विचारतो, एवढे कापू? ती म्हणते, अजून. तिच्या चेहऱ्यावरचा तो निश्चय मी घरी घेऊन आले. पुढच्या आठवड्यात मानेपर्यंत कापले.

सुट्टीत घरी गेले तर बाबा चार दिवस बोलले नाहीत. आईने डोळे पुसले. आजीने मात्र जवळ बोलावलं, मानेवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "हलकं वाटतं का गं?" आजीचं स्वतःचं लग्न अकराव्या वर्षी झालेलं. तिच्या त्या प्रश्नात किती काय होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

*

आमच्याकडे सिनेमातली वेस्पा स्कूटर! म्हणजे बजाज, पण बाबा तिला कायम वेस्पाच म्हणत. साठच्या दशकात बजाजच्या स्कूटर वेस्पा बनवणाऱ्या इटलीच्या पियाज्यो कंपनीच्या परवान्यानेच बनत होत्या, त्यामुळे ते चुकीचंही नव्हतं. राजकन्या हँडल हातात घेऊन रोमभर गोंधळ घालते, तो प्रसंग आला की बाबा खुर्चीत पुढे सरकायचे आणि "क्लच, क्लच!" असं ओरडायचे. स्कूटर एका बाजूला तिरकी करून मग किक मारायची, आई मागे एका बाजूला पाय सोडून बसायची, मी पुढे उभी. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. तो प्रसंग मी एकटीने अजून पाहिलेला नाही.

*

आम्ही रोमला जाऊन आलो, सासऱ्यांच्या हट्टापायी. सांता मारिया इन कॉस्मेदिन चर्चच्या ओसरीत ते 'सत्याचं मुख' आहे, दगडी तबकडीवर कोरलेला दाढीवाला चेहरा. खोटारड्याने तोंडात हात घातला तर तो हात तुटतो, अशी समजूत. सिनेमात पेक हात बाहेर काढतो तर पंजाच गायब! त्याने तो बाहीत लपवला होता. हे हेपबर्नला आधी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे तिची ती किंकाळी खरी आहे. रांगेत बराच वेळ उभं राहून सासऱ्यांनी हात घातला, बाहेर काढला आणि बाही पुढे ओढून सासूबाईंना दाखवली. ७४ व्या वर्षी! सासूबाई खरंच दचकल्या, मग त्यांना पाठीत एक धपाटा घातला.

स्पॅनिश स्टेप्सच्या पायऱ्यांवर राजकन्येसारखं बसून जिलाटो (इटालियन आइस्क्रीम) खायचं राहिलं. २०१९ पासून तिथे बसायलाच बंदी आहे. खाली होडीच्या आकाराच्या कारंज्यापाशी उभं राहून आम्ही कोन संपवले. ऊन असं, की निम्मं हातावरच वितळलं. मार्गुत्ता गल्लीतलं ५१ नंबरचं घर नक्की पाहा. सिनेमातल्या वार्ताहराची, म्हणजे पेकच्या 'जो ब्रॅडली'ची खोली तिथलीच.

*

मी जिल्ह्याच्या ठिकाणी वार्ताहर होतो. १९९४ सालची गोष्ट. एका नावाजलेल्या घरची मुलगी दोन दिवस बेपत्ता होती. पहाटे एसटी स्टँडवर ती मला बाकावर झोपलेली दिसली. उशाला पिशवी, पायात एकच चप्पल. मी तीन फोटो काढले. मग ती जागी झाली. तिने विचारलं, "छापणार का?" मी काहीच बोललो नाही. तिला चहा पाजला आणि तिच्या सांगण्यावरून मामाच्या गावच्या गाडीत बसवून दिलं.

सिनेमात वार्ताहर जो ब्रॅडलीला राजकन्येच्या बातमीचे ५००० डॉलर मिळणार असतात, आणि तो कर्जात बुडालेला. मला पैसे नसते मिळाले, पण शहरातल्या आवृत्तीत जागा मिळाली असती आणि तेव्हा मला त्याची फार आस होती. सिनेमामुळे मी थांबलो असं म्हणणार नाही, तोवर मी तो पाहिलाच नव्हता. फोटो धुऊन आणले, निगेटिव्हसकट पाकिटात घातले आणि महिन्याभराने तिच्या हातात दिले. पुढे कधीतरी टीव्हीवर हा सिनेमा लागला. वार्ताहरांच्या रांगेतून राजकन्या पुढे येते आणि फोटोग्राफर अर्विंग तिला रोमची आठवण म्हणून पाकीट देतो. मला तिथून उठून बाहेर जावं लागलं.

*

मी मालिकांचे संवाद लिहिते, बरेचदा नावाशिवाय. म्हणून मला सगळ्यात आधी आठवतो डाल्टन ट्रम्बो. ही कथा त्याची. पण कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून सुरू झालेल्या चौकशीत त्याने उत्तरं नाकारली, तुरुंगात गेला, आणि हॉलिवूडने त्याला काळ्या यादीत टाकलं. पडद्यावर नाव आलं त्याच्या मित्राचं, इयन मॅक्लेलन हंटरचं. कथेचं ऑस्करही हंटरच्या नावे. ट्रम्बो १९७६ ला वारला, आणि ते ऑस्कर त्याच्या नावाने त्याच्या पत्नीच्या हाती आलं १९९३ मध्ये. पटकथेचं श्रेय तर २०११ मध्ये परत मिळालं. नाव लपवून राहणाऱ्या मुलीची गोष्ट लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव लपवावं लागलं होतं, हे कळल्यापासून मला हा सिनेमा नुसता गोड वाटत नाही.

*

धागा काढणारी मीच. सगळे अनुभव आईला वाचून दाखवले. स्टँडवरच्या मुलीपाशी तिने मला थांबवलं आणि तो भाग परत वाचायला लावला. मग मी विचारलं, "आई, राजकन्या शेवटी खरंच धावत आली असती तर?"

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती त्याला सांगते, आठवतं? मला स्वयंपाक येतो, शिवणही येतं, कुणासाठी करायची वेळच आली नाही कधी. आणि तो म्हणतो, मग स्वयंपाकघर असलेली जागा बघायला हवी." एवढं बोलून तिने चष्मा काढून ठेवला. "तेवढी जागा त्याने बघायला हवी होती गं."