स्नोमोबिलला (बर्फावर चालणाऱ्या गाडीला) पेट्रोलचा शटऑफ व्हॉल्व्ह लावावा का?

मिशिगनकर: जुनी कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक घेतलीये, पेट्रोल बंद करायला कॉकच नाही. ट्रेलरवरून अप्पर पेनिन्सुलात (मिशिगनच्या उत्तर भागात) नेली की पेट्रोलचा वास मारतो आणि स्टार्ट व्हायला जाम त्रास. व्हॉल्व्ह लावू का?

बर्फवेडा: लावाच! ट्रेलर उसळला की कार्ब्युरेटरमधला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) हलतो, पेट्रोल अडवणारी नीडल सीटवर (तिच्या भोकावर) नीट बसत नाही, पेट्रोल झिरपत क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) जातं मग प्लग ओले, आणि फारच साचलं तर इंजिन लॉक होऊन पिस्टनचा रॉडसुद्धा वाकू शकतो. टाकी नि पंपाच्या मधे बसवा, भोक पाइपच्या मापाचंच हवं, बारीक असेल तर फुल थ्रॉटलला पेट्रोल कमी पडून पिस्टन जळेल.

मिनेसोटावाली: निघताना उघडायचं मात्र लक्षात ठेवा हं, बंद असला तरी कार्ब्युरेटरच्या बाउलमधल्या (वाटीतल्या) पेट्रोलवर गाडी थोडी पळते, म्हणून कळत नाही. आणि नीडल-सीटही तपासा, झिजली असेल तर बदलाच.