लाल शुभ, म्हणून चारही भिंती लाल?
फेंगशुई या घराच्या मांडणीविषयीच्या चिनी परंपरेत लाल रंग शुभ मानतात, म्हणून शयनगृहाच्या चारही भिंती लाल कराव्यात, या सूचनेशी मी सहमत नाही. फेंगशुईत रंग पाच तत्त्वांशी जोडलेले आहेत: लाकडाचा हिरवा, अग्नीचा लाल, मातीचा पिवळा, धातूचा पांढरा आणि पाण्याचा काळा किंवा गडद निळा. (ही आपली पंचमहाभूते नव्हेत, फेंगशुईच्या तत्त्वांत वायू आणि आकाश नाहीत.) लाल हे अग्नीचे आणि चैतन्याचे चिन्ह असल्यामुळे विश्रांतीच्या खोलीत तो अभ्र्यांपुरता किंवा एखाद्या कागदी कंदिलापुरता ठेवून भिंतींना मातकट पिवळसर छटा द्यावी, एका तत्त्वातून पुढचे तत्त्व जन्मते, जसे अग्नीतून माती, या उत्पत्तिचक्राशीही ती जोडी जुळते. जपानी धाटणीची शोजी दारे (लाकडी चौकटीत कागद लावलेली सरकती दारे) बसवणार असाल, तर मात्र लाल जवळजवळ वगळावाच, कारण त्या शैलीची शोभा न रंगवलेल्या लाकडात आणि कागदातून झिरपणाऱ्या प्रकाशात असते.