गुळवेलीच्या कांडीला पानं फुटतात आणि मग ती मरते, काय चुकतंय?

खारघर_गॅलरी
चौथा मजला, पूर्वेची गॅलरी, ऊन सकाळी दहा-साडेदहापर्यंत. जूनअखेर गुळवेलीची पेन्सिलीएवढी कांडी १२ इंची कुंडीत लावली. माती नर्सरीतली लाल, खाली ताटली. पानं आली, मग पिवळी पडली आणि कांडी बुडाशी काळी, मऊ झाली. माती बदलू की पाऊस संपेपर्यंत थांबू? शिवाय रस्त्याकडेच्या झाडावरची वेल गुळवेलच आहे हे कसं ओळखायचं?

कुंडीवाला_ठाणे
पानं फुटली म्हणजे कांडी रुजली असं नाही. गुळवेलीच्या खोडात एवढा साठा असतो की ती नुसती गजाला टांगून ठेवली तरी फुटते. साठा संपेपर्यंत मुळं धरली नाहीत तर पानं पिवळी पडतात, आणि तोवर बूड चिखलात असेल तर कुजतं. नर्सरीतली लाल माती पावसात घट्ट बसते, त्यात ताटलीतलं पाणी खालून वर चढत राहतं. ताटली आजच काढा.

थांबू नका, ही दमट हवा रुजायला उत्तम आहे. फक्त कुंडी झडीपासून आत घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, या दिवसांत नकोच. कांडी करंगळीएवढी जाड, ६ ते ८ इंच, दोन-तीन डोळ्यांची घ्या. कापल्यावर एक दिवस सावलीत ठेवा, म्हणजे काप सुकतो. उलटी लागणार नाही एवढं बघा: पान गळल्याची खूण खाली, डोळा तिच्या वर. एकच पेर मातीत जाऊ द्या. वरची इंचभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही, आणि मुळं आली का हे उपटून बघू नका. कोवळी मुळं तिथेच तुटतात.

वेलवेडी_नेरूळ
ओळख खोडावरून करा. साल कागदासारखी पातळ, नखाने सोलली की खाली हिरवं. आडव्या कापात चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा दिसतात. पान हृदयाच्या आकाराचं आणि बिनलवेचं. खोडावर बारीक ठिपके असतात ते ठीक, पण चामखिळीसारख्या ठळक गाठी असतील तर ती टिनोस्पोरा क्रिस्पा, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल. ती घेऊ नका. आयुष मंत्रालयानेही २०२२ मध्ये या दोघींतला फरक समजावून क्रिस्पा अपायकारक ठरू शकते असं सांगितलं होतं.

अळ्यांवरही लक्ष ठेवा. संत्रा-मोसंबीतला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात. अंगावर डोळ्यासारखे ठिपके असतात, पानांची चाळण करतात. गॅलरीत हाताने वेचणं पुरतं.

कुंडीवाला_ठाणे
एक राहिलं. थंडी-उन्हाळ्यात पानं गळली तर घाबरून पाणी वाढवू नका, वेल तेव्हा विसावते. बोटाएवढं जाड झाल्यावरच खोड काढा, बुडाशी फूटभर ठेवून. पोटात घेण्याआधी मात्र वैद्यांना विचारा. यकृताचा आजार किंवा थायरॉइड, संधिवाताच्या काही प्रकारांसारखा स्वप्रतिकार आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) असेल, किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर स्वतःच्या मनाने काढा सुरू करू नका.