तलाव साफ करणारे जुने स्वयंचलित यंत्र : ओळख आणि वापर याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला राहतो. आमच्या भाड्याच्या घरामागे सुमारे 50,000 लिटरचा पोहण्याचा तलाव आहे, आणि पंपाच्या खोलीत तलाव साफ करण्याचे एक जुने यंत्र ठेवलेले आढळले. घरमालकांना त्याची काहीच माहिती नाही. चालू होण्यासारखी वस्तू केवळ ओळखता येत नाही म्हणून टाकून देणे मला पटत नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

यंत्राला चाके, मोटर, विजेची वायर किंवा कचऱ्याची पिशवी यांपैकी काहीही नाही. कठीण प्लॅस्टिकचे तिरके धड, तळाशी ताटाएवढी लवचिक रबरी चकती आणि वरच्या टोकाला गोल फिरणारा सांधा, एवढाच त्याचा आकार. सांध्यात नळी बसते आणि नळीचे साधारण 1 मीटरचे तुकडे एकमेकांत खोचावे लागतात. तळाच्या भोकातून बोट घातले की आत लोलकासारखी झुलणारी एक जाड जीभ हाताला लागते. कंपनीचे नाव असावे ती जागा झिजून गुळगुळीत झाली आहे.

स्किमरच्या (तलावाच्या काठाला असलेल्या, वरचे पाणी पंपाकडे ओढणाऱ्या तोंडाच्या) टोपलीवर झाकण बसवून त्याला नळी जोडली आणि पंप सुरू केला, तेव्हा टक-टक असा आवाज येऊन यंत्र थोडे सरकले. पण नंतर ते पायऱ्यांपाशी अडकून बसले, किंवा भिंतीवर चढत पाण्याबाहेर आले आणि पंपात हवा शिरली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इथे जॅकरंडाच्या फुलांचा सडा पडतो, त्यामुळे त्याआधी हे मार्गी लागले तर फार बरे होईल. हे यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, आणि ते नीट चालावे म्हणून काय करावे?

उत्तर :

आपल्या वर्णनातली झुलणारी जीभ हीच मुख्य खूण आहे. हे पंपाच्या ओढीवर, म्हणजे सक्शनवर, चालणारे यंत्र आहे. या घराण्यातले सर्वांत प्रसिद्ध यंत्र म्हणजे क्रीपी क्रॉली. फर्डिनांड शोव्हिए यांनी ते 1974 मध्ये दक्षिण आफ्रिकेतच तयार केले, त्यामुळे तुमच्याकडे ते सापडावे यात नवल नाही. बराकुडा या दुसऱ्या ब्रँडच्या यंत्रांत जिभेऐवजी रबरी पडदा असतो. पोलारिस या ब्रँडच्या जुन्या यंत्रांना तीन चाके आणि कचऱ्याची पिशवी असते, आणि ती दाबाच्या पाण्यावर चालतात. मात्र झुलत्या जिभेच्या तत्त्वावरची इतर यंत्रेही बाजारात होती, म्हणून सुटा भाग नावावरून मागू नका. जुना भाग दुकानात नेऊन ताडून पाहा.

जीभ एका बाजूला पडली की पाण्याचा प्रवाह क्षणभर अडतो आणि लगेच सुटतो, आणि त्या लागोपाठच्या धक्क्यांनी यंत्र पुढे सरकते. त्यामुळे ठोका एकसारखा पडतो का, हे कान देऊन ऐका. तो मंद असेल तर आधी पंपाची टोपली रिकामी करा, फिल्टर बॅकवॉश करा (म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून धुवा) आणि तळाच्या निचऱ्याची झडप बंद करून सारी ओढ स्किमरकडे वळवा. तरीही सुधारणा नसेल तर जिभेमागे खडा किंवा काडी अडकली आहे का, ते तपासा. आतली हवा हेही मोठे कारण असते : यंत्र पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत धरा आणि नळी जोडण्याआधी ती पाण्याने पूर्ण भरून घ्या.

भिंतीवर चढून बाहेर येणे हे बहुधा जास्त ओढीचे किंवा नळीवरचे वजन चुकीच्या जागी असल्याचे लक्षण आहे. यंत्राजवळच्या पहिल्या तुकड्यावर वजन आहे का, ते पाहा. ते थोडे पुढे-मागे सरकवले की चकती तळाला सपाट बसते. पायऱ्यांपाशी अडकत असेल तर पाणी परत सोडणाऱ्या तोंडांची दिशा बदला, कारण तो झोत नळीला पुन्हा पुन्हा एकाच कोपऱ्यात ढकलतो. नळी स्किमरपासून तलावाच्या सर्वांत दूरच्या टोकापर्यंत पोचून एक तुकडा उरेल इतकी असावी.

प्रश्नकर्ता :

मनापासून आभार. जिभेमागे खरोखरच एक वाळकी शेंग अडकली होती. ती काढल्यावर ठोका एकसारखा पडू लागला. पहिल्या तुकड्यावर वजन नव्हतेच, ते आता दुकानातून आणतो. एक विचारायचे राहिले : यंत्र कायम पाण्यातच ठेवले तर चालेल का?

उत्तर :

रोजच्या वापरात चालेल, पण पाण्यात ॲसिड किंवा जास्त क्लोरीन टाकण्याआधी ते बाहेर काढा, नाहीतर रबर लवकर कडक होते. कोणी पोहत असताना ते चालू ठेवू नका. नळी गुंडाळून ठेवली तर तिला कायमचा बाक येतो आणि यंत्र गोलगोल फिरत राहते, म्हणून तुकडे सुटे करून सावलीत सरळ आडवे ठेवा.